पाळकसाहेब नव्हते तेव्हाची आमची उपासना

मागच्या वर्षी मे अखेरीला आमच्या पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, बदली झाली. निरोप समारंभ झाला, शाल-हार झाले, महिला मंडळाने पुलाव केला, आणि पुढच्या रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही सगळे आपापल्या नेहमीच्या बाकांवर येऊन बसलो तर पुलपिट, म्हणजे उपदेशाचं व्यासपीठ, रिकामं. नवीन पाळक जूनमध्ये येतील असं सांगितलेलं, मग ऑगस्ट म्हणाले, मग दिवाळीनंतर, शेवटी ते आले या एप्रिलमध्ये. म्हणजे दहा महिने. या दहा महिन्यांत आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, उपासना करायला शिकली. आधी करत नव्हती का असं कोणी विचारेल, तर आधी आम्ही उपासनेला जात होतो. जाणं आणि करणं यातला फरक मला तेव्हा कळला. ओळखीच्या दोन-तीन मंडळ्यांतून विचारणा झाली की तुम्ही नक्की काय केलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, जे चुकलं तेपण.

आमचं चर्च परळ-भायखळा पट्ट्यातलं, मिशनच्या काळातलं जुनं. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि मराठीत काम सुरू झालं, त्या परंपरेतली आम्ही माणसं. बहुतेकांची मुळं नगर, जालना, सोलापूरकडची, कोणाचे आजोबा गिरणीत, कोणाची आजी हॉस्पिटलात नर्स, कोणाचे वडील शाळेत मास्तर. आता चर्चच्या आसपास राहणारी वीसेक घरं उरलीत, बाकी सगळे कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. मी पण डोंबिवलीची. रविवारी मेगाब्लॉक असला की आम्ही लाइनवरची मंडळी ब्लॉक लागायच्या आधीची गाडी पकडून लवकर येऊन बसतो आणि परत जाताना गाड्यांच्या हिशोबाने आशीर्वाद संपायच्या आत अर्धे जण चपला शोधायला लागतात. हे वाईट वाटून सांगते, पण असंच होतं.

सेक्रेटरी काकांनी मला सांगितलं, तू ऑफिसात शेड्यूल सांभाळतेस ना, मग दर रविवारी कोण काय करणार याची यादी तू ठेव. मी हो म्हणले. पहिले सहा आठवडे यादी म्हणजे काय, तर आमच्या मंडळीतले दोन वडील (चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ), एक रविवार हे, एक रविवार ते. प्रारंभीची प्रार्थना त्यांची, शास्त्रपाठ त्यांचा, विनंती प्रार्थना त्यांची, संदेश म्हणजे प्रवचन त्यांचं, जाहिराती म्हणजे सूचना पण त्यांच्याच. आम्ही फक्त गायनाला उभं राहायचं आणि आमेन म्हणायचं. दोघेही प्रामाणिक माणसं, रात्र रात्र जागून संदेश लिहायचे, त्यातले एक तर हृदयाची शस्त्रक्रिया झालेले. पण एका पाळकाचं सगळं ओझं एका वडिलांच्या खांद्यावर गेलं एवढंच झालं. जुलैच्या पहिल्या रविवारी मी डोकी मोजली, चव्वेचाळीस. पाळकसाहेब असताना नव्वदच्या आसपास असायचो.

आता लोकलची गोष्ट सांगते कारण माझ्या डोक्यात सगळं तिथे जुळलं. मी सकाळच्या फास्टने ऑफिसला जाते, आमच्या लेडीज डब्याला लागून जो पुरुषांचा डबा येतो त्यात वर्षानुवर्षं भजन मंडळ आहे. मधे जाळी असते, त्यामुळे सगळं ऐकू येतं. टाळ असतात, ढोलकी असते, आणि नसेल तेव्हा डब्याच्या पत्र्यावर ताल धरतात. मी हे इतकी वर्षं ऐकत होते पण लक्ष देऊन कधी बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात एक दिवस त्यांचे नेहमीचे बुवा आलेच नव्हते, मला वाटलं आज शांतता. तर दिवा स्टेशन गेलं आणि कोपऱ्यातल्या एका माणसाने, आवाज अगदी साधा, एक ओळ उचलली. लगेच बाकीच्यांनी धृपद धरलं. तो पुढच्या ओळीला अडखळला, शब्द विसरला असावा, तर ते धृपदच फिरवत राहिले, दोनदा, तीनदा, त्याला आठवेपर्यंत. कोणी त्याच्याकडे वळून बघितलं नाही, कोणी हसलं नाही. मुंब्र्याचा बोगदा येईपर्यंत तो पुढच्या कडव्यात होता. मी जाळीशी उभी होते आणि मला एकदम वाटलं की आपल्याकडे हे नाही. आपल्याकडे उचलणारे तयार करायची धडपड चालू आहे, धरणारे कुठे आहेत.

बुधवारच्या प्रार्थनासभेत मी हे बोलले. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय उघडला, सव्विसावं वचन. प्रेषित पौल तिथे लिहितो की तुम्ही जमता तेव्हा कोणाजवळ स्तोत्र असतं, कोणाजवळ शिक्षण, कोणाजवळ प्रकटीकरण, आणि हे सगळं उन्नतीसाठी असू द्या. मास्तर म्हणाले, यात एकजण उभा आणि बाकी बसलेले असं चित्र कुठेच नाहीये, सगळे काहीतरी घेऊन आलेत. मग त्यांनीच अजून एक सांगितलं जे मला फार आवडलं. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने सम्राट त्राजानला ख्रिस्ती लोकांबद्दल पत्र लिहिलं होतं, त्यात आहे की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. आळीपाळीने. म्हणजे एक बाजू उचलते, दुसरी धरते. मी म्हणले मास्तर, हे तर माझं लोकलचं भजन झालं.

ठरलं की महिन्याचा तिसरा रविवार अशी उपासना करायची, बाकीचे रविवार नेहमीप्रमाणे. आणि पहिला तिसरा रविवार साफ फसला. का फसला ते सांगते, कारण जो कोणी हे करायला जाईल तो याच खड्ड्यात पडणार.

आम्ही चर्चमध्येच बसलो, नेहमीच्या लांब बाकांवर, सगळ्यांची तोंडं वेदीकडे. मी पुढे जाऊन सांगितलं की आज कार्यक्रमपत्रिका नाही, आत्मा जसं चालवेल तसं, ज्याला जे द्यायचंय त्याने द्या, आणि बसले. मग शांतता. सुरुवातीला बरी वाटली, नंतर अवघड व्हायला लागली, पंख्यांचा आवाज, बाहेरून बेस्टच्या बसचा ब्रेक, कोणीतरी खोकलं. माझ्या घड्याळात पाच मिनिटं गेली. मग तरुण संघाच्या मुलांनी गिटारवर एक कोरस घेतला, तो संपला तसा दुसरा, मग तिसरा, मागे बसलेल्या आज्यांना एकाचेही शब्द येत नव्हते. मग एक काका प्रार्थनेला उभे राहिले आणि त्यांची प्रार्थना सव्वीस मिनिटं चालली, त्यात देशाचे नेते आले, इस्राएल आलं, त्यांच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं प्रकरण आलं, आणि आमच्यापैकी काहींबद्दल देवाला तक्रारसुद्धा आली. पंचेचाळीस जणांपैकी एकूण सात जणांनी तोंड उघडलं. घरी जाताना एक वहिनी म्हणाल्या, यापेक्षा पाळकसाहेबांचाच संदेश बरा होता गं. मी गाडीत रडले.

चूक माझी होती. मला वाटलं होतं मोकळी उपासना म्हणजे तयारी नको. उलट आहे. पाळक असताना एका माणसाने आठवडाभर तयारी केली तरी भागतं, मंडळी चालवणार असेल तर पंचेचाळीस जणांनी थोडी थोडी तयारी करायला लागते. आणि दुसरं म्हणजे पौलाने त्याच अध्यायात नियम पण दिलेत ते आम्ही वाचलेच नव्हते. दोघांनी किंवा तिघांनी बोलावं, इतरांनी पारखावं, आणि बसलेल्यातल्या दुसऱ्या कोणाला काही प्रकट झालं तर आधीच्याने गप्प राहावं. म्हणजे लांबलेल्या प्रार्थनेवरचा उपाय तिथे लिहून ठेवलेला होता.

ऑगस्टसाठी आम्ही सगळं बदललं. आधी जागा. चर्चच्या मागे शब्बाथशाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेचा, हॉल आहे, तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या, दोन रांगांत, मधे एक छोटं टेबल, त्यावर उघडं बायबल आणि एक मेणबत्ती. माइक काढून टाकला. माइक हातात आला की माणूस भाषण करतो हे आम्ही बघितलं होतं, आणि पन्नास माणसांच्या हॉलमध्ये तो लागतही नाही. ज्या आजींना ऐकू कमी येतं त्यांच्या शेजारी एक मुलगी बसवली, ती कानात सांगायची. मग तयारी. सोमवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रविवारचा उतारा टाकायचा, एकच, लहान. रोज घरी वाचायचा. बुधवारी मी आणि अजून दोघी आठ-आठ घरांना फोन करायचो, विचारायचं की या उताऱ्यात तुमचं मन कुठे थांबलं. तू काय करणार असं विचारायचं नाही, त्याने माणूस घाबरतो. कुठे थांबलं विचारलं की बोलतो, आणि बोलला की म्हणायचं, हेच रविवारी दोन वाक्यांत सांगा ना.

ऑगस्टला उतारा घेतला स्तोत्र १३६. त्यात सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच येतं, त्याची दया सनातन आहे. आम्ही चिठ्ठ्या केल्या, सव्वीस जणांना एकेक वचन, बाकी सगळ्यांनी धृपद धरायचं. पेटीवाल्या दादांनी भजनी ठेक्याची साधी चाल दिली. चिठ्ठी सात वर्षांच्या मुलाकडे पण गेली, आणि एका काकांकडे ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी बायकोकडून आठवडाभर ते वचन पाठ करून घेतलं होतं. ते उभे राहिले, हात मागे बांधले, शाळेत उभं राहावं तसे, आणि म्हटलं, आणि सगळा हॉल त्यांच्या मागून म्हणाला त्याची दया सनातन आहे. चाळीस वर्षं ते या चर्चमध्ये येतायत. खुर्च्या लावतात, गेट उघडतात, ख्रिसमसला मांडव घालतात. त्यांचा आवाज उपासनेत मी पहिल्यांदा ऐकला.

विनंती प्रार्थनेची पद्धतही त्याच दिवशी बदलली. ज्याला प्रार्थना हवी त्याने एक नाव आणि एक वाक्य बोलायचं, मग सगळ्यांनी प्रभू आमची प्रार्थना ऐक. माझ्या भावाची नोकरी गेली. प्रभू आमची प्रार्थना ऐक. सुनेला सातवा महिना. प्रभू आमची प्रार्थना ऐक. ज्या काकांची प्रार्थना सव्वीस मिनिटं चालली होती ना, त्यांनी त्या दिवशी मान खाली घालून फक्त मुलाचं नाव घेतलं, वाक्य काहीच नाही. तो त्यांच्याशी बोलत नाही हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मला त्या जुलैच्या लांब प्रार्थनेचा अर्थ तेव्हा लागला, इतकं सगळं बोलून त्यांनी हे एक नाव टाळलं होतं.

आक्षेप आले, यायलाच हवे होते. आमच्या दोन वडिलांपैकी थोरले म्हणाले हे पेंटेकोस्टल, म्हणजे उत्स्फूर्त उपासना करणाऱ्या पंथाच्या, लोकांचं आहे, आपलं नाही, आपल्यात शिस्त असते, आणि त्यांनी त्याच अध्यायातलं चाळिसावं वचन दाखवलं की सर्व काही शिस्तवार होऊ द्या. मला त्यांचा राग आला नाही, त्यांनी आयुष्य या चर्चला दिलंय. पण आपलं नाही हे मला पटेना. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला याच मुंबईत झाला, त्यांनी भजन आणि कीर्तन मंडळीत आणलं, त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो, आणि १९१७ ला मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार नावाचा संघ काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये केडगावला १९०५ साली संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झालं तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करायच्या, प्रत्येकीची आपली. हे सगळं मराठी ख्रिस्ती माणसांचंच आहे. आणि शिस्त तर आमच्याकडे वाढली होती, पूर्वी फक्त एकाला शिस्त लागायची आता सगळ्यांना लागत होती. मी हे सगळं त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, सभेत नाही. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, पटलं असं म्हणाले नाहीत. पण पुढच्या महिन्यात आले आणि शेवटचा आशीर्वाद मागायची जबाबदारी घेतली, ती अजून त्यांच्याकडेच आहे.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीबद्दल, विचारतात म्हणून सांगते. ते आम्ही स्वतः केलं नाही. आमच्या चर्चच्या नियमांप्रमाणे दीक्षित, म्हणजे रीतसर दीक्षा झालेले, पाळकच ते देऊ शकतात, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मंडळीचे पाळक यायचे. ब्रदरन पंथाच्या सभांमध्ये वेगळं असतं, तिथे दीक्षित पाळक हा प्रकारच नाही, रविवारी भाकर मोडायला जमतात तेव्हा कोणीही बंधू उठून गीत सुचवतो, प्रार्थना करतो. माझी एक मैत्रीण त्यांच्यातली, तिच्याबरोबर मी मुद्दाम एकदा जाऊन बसले होते, शांततेत कसं बसायचं ते मी तिथे शिकले. वसईची माझी कॅथलिक मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे पण १९६३ च्या व्हॅटिकनच्या दस्तावेजात हेच म्हटलंय की भाविकांनी उपासनेत पूर्णपणे, समजून, क्रियाशील भाग घ्यावा, म्हणून तर लॅटिनची मराठी झाली. प्रत्येकाची चौकट वेगळी. आपल्या चौकटीत राहून किती करता येतं ते बघावं, चौकट मोडण्यावरून भांडत बसलो तर उपासना राहून जाते.

सप्टेंबरचा रविवार मला शब्दात नीट सांगता येणार नाही पण प्रयत्न करते. आमच्यातल्या एका भाऊंची बायको मार्चमध्ये गेली, कॅन्सरने. दोघं क्वायरमध्ये शेजारी उभे राहायचे. ती गेल्यापासून ते यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, गायनाला उभे राहायचे पण तोंड बंद. त्या दिवशी गोलात शेवटचा बाक नव्हताच, त्यामुळे ते सगळ्यांना दिसत होते. उताऱ्यानंतर शांतता होती, आता आम्हाला शांततेची भीती वाटत नव्हती, दोन-तीन मिनिटं सहज बसायचो. आणि भाऊंनी बसल्या बसल्या तिचं आवडतं गीत उचललं. पेटी नाही, काही नाही. पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीला आवाज फुटला आणि थांबला. एक क्षण गेला असेल, त्यांच्या डाव्या हाताला बसलेल्या मावशींनी दुसरी ओळ धरली, मग समोरून कोणीतरी, मग सगळ्यांनी. चारही कडवी आम्ही गायलो आणि ते मधे बसून ऐकत होते, रुमाल हातात होता पण डोळ्याला लावला नाही, पाणी तसंच वाहू दिलं. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज परत आला, अगदी खालून. नंतर कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी संदेश झाला नाही, कोणाला आठवलाही नाही.

सगळं असंच गोड झालं असं नाही. नोव्हेंबरमध्ये एका ताईंनी साक्ष दिली, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगितला, की डॉक्टरांनी हात टेकले होते पण आम्ही विश्वासाने प्रार्थना केली, आमचा विश्वास खरा होता म्हणून देवाने मुलाला वाचवलं. सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. माझ्या समोरच्या खुर्चीवर एक आई होती जिचा मुलगा रेल्वे अपघातात गेला होता. ती उठून बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले, नळापाशी उभी होती, म्हणाली माझा विश्वास खोटा होता का गं. मला उत्तर आलं नाही, मी तिचा हात धरून उभी राहिले. मोकळ्या उपासनेतला खरा धोका हा आहे, वेळ लांबणं वगैरे किरकोळ. पुलपिटवरून बोलणाऱ्याला निदान शिकवलेलं असतं की समोर कोण बसलंय ते बघून बोल. इतरांनी पारखावं या वचनाचा अर्थ आम्ही तेव्हा शोधला. आता साक्षीनंतर लगेच हालेलूया म्हणत नाही, थोडं थांबतो, आणि कोणाला त्यात भर घालायची असेल, किंवा वेगळं आठवत असेल, तर ते बोलतात. पुढच्या महिन्यात मास्तर बायबलमधल्या दुःख सोसणाऱ्या ईयोबावर बोलले, पाचच मिनिटं, की ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर बरोबर होते. साक्ष दिलेल्या ताई स्वतःहून त्या आईच्या घरी गेल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. ती परत यायला लागली, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसते, ती खुर्ची आम्ही तिच्यासाठी ठेवतो.

ख्रिसमसच्या आधीच्या तिसऱ्या रविवारी एका आजींनी ओवी म्हटली. त्यांची आई नगर जिल्ह्यातल्या खेड्यात जात्यावर म्हणायची म्हणे. पहिली माझी ओवी गं, गव्हाणीतल्या बाळाला, थंडी वाजे राजाला गं, पदर घाला भाळाला. एवढीच आठवत होती, बाकीच्या विसरल्या. तरुण संघातल्या एका मुलीने ती फोनवर रेकॉर्ड केली आणि घरी जाऊन दुसरी ओवी स्वतः रचली, मग तिसरी दुसऱ्या कोणी. आता अकरा ओव्या झाल्यात. गिटारवाला मुलगा त्यावर ठेका धरतो, आज्या त्याच्याकडे कौतुकाने बघतात. जुलैमध्ये तीन कोरस लागोपाठ घेणारा हाच मुलगा.

मुलांचं सांगायचं राहिलं. आधी त्यांना उपासनेच्या मधेच शब्बाथशाळेत पाठवायचो. हॉलच त्यांचा असल्यामुळे ती आमच्यातच बसायला लागली, गडबड करतात, पण उतारा वाचायला सगळ्यात आधी हात त्यांचे वर असतात आणि त्यांच्या प्रार्थना छोट्या असतात. माझ्या मते दोन्ही गोष्टी मोठ्यांनी शिकण्यासारख्या आहेत.

एप्रिलमध्ये नवीन पाळकसाहेब आले. आमच्यातले काहीजण म्हणाले सुटलो, आता आपापल्या बाकावर. मला भीती वाटत होती की सगळं गुंडाळलं जाईल. मी आणि सेक्रेटरी काका त्यांना भेटायला गेलो, दहा महिन्यांची वही दाखवली, कोणत्या रविवारी कोणता उतारा, कोणी काय आणलं. त्यांनी ती वही ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी फोन केला, तिसऱ्या रविवारी मी कुठे बसू. मी म्हणले साहेब, जिथे खुर्ची रिकामी असेल तिथे. ते आले, झगा न घालता, गोलात बसले. बारा मिनिटं संदेश दिला, बसूनच, आणि मग विचारलं तुमचं मन कुठे थांबलं. पहिल्यांदा कोणीच बोललं नाही. पाळक समोर असले की तोंडं मिटतात ती सवय इतक्यात जात नाही. मग ज्या काकांना वाचता येत नाही ते उभे राहिले, हात मागे बांधून.

या रविवारसाठी उतारा गेलाय, लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय, अम्माऊसची वाट. फोन चालू आहेत. कल्याण लाइनवर मेगाब्लॉक आहे असं कळलंय, त्यामुळे डोंबिवलीकडचे आम्ही आठ-नऊ जण लवकरची गाडी धरणार आहोत, लेडीजमध्ये एकत्र बसणार आहोत, आणि दिवा गेल्यावर ओव्यांचा सराव करायचा ठरलाय.